माळवदाचं वजन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मातीच्या घरावरचा लेख आला होता. पुण्याजवळ एका जोडप्यानं बांधलेलं टुमदार घर, गेरूच्या रंगाची भिंत, भिंतीत बसवलेल्या रंगीत बाटल्या, उंबऱ्यावर झोपलेलं मांजर. फोटो सुरेख होते. लेख मी दोनदा वाचला आणि मग आमच्या मायला वाचून दाखवला. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वर काय टाकलंय?" म्हणजे छप्पर. मी लेख पुन्हा चाळला. भिंतीचा रंग होता, जमिनीचा गारवा होता, पण छपराबद्दल आणि भिंतीला भिंत कशी बांधली त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

म्हणून हे पत्र लिहायला बसलो. मी एसटीचा निवृत्त कंडक्टर. चौतीस वर्षं तिकिटं फाडली, २०२४ ला सुटलो, आणि त्याच उन्हाळ्यात शेतात दोन खोल्यांचं मातीचं घर बांधलं. गाव उमरगा तालुक्यातलं, किल्लारीपासून पंचविसेक किलोमीटरवर. एवढं सांगितलं की मराठवाड्यातला वाचक विचारणारच, डोकं ठिकाणावर आहे का म्हणून. आमच्या भावकीनं तर तोंडावर विचारलं. तेव्हा आधी किल्लारीच्या भूकंपाच्या त्या रात्रीचं सांगतो, मग घराचं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला पाचेक मिनिटं कमी. माझी ड्यूटी मुक्कामी गाडीवर होती. आदल्या रात्री गणपती बुडवून गाव उशिरा झोपलेलं, आणि आम्ही दोघं गाडीतच सिटांवर आडवे. गाडी गदागदा हलली. ड्रायव्हर अर्धवट झोपेत ओरडला, "कोण बे गाडी ढकलायलंय?" खाली उतरलो तर समोर गाव दिसेना. काळोख होताच, पण त्यात धुरळा इतका की बॅटरीचा उजेड हातभर पुढं जाईना. मग ओरडा सुरू झाला. दुपारपर्यंत आम्ही तिथं दगड उचलत होतो. मिळेल त्या वाहनानं आणि उरलेलं पायी, असा संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा कळलं की थोरली चुलती स्वैपाकघराच्या भिंतीखाली गेली. बाकीचे ओसरीत झोपले होते, ते वाचले.

मेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात आहे, आमच्याकडं लोक दहा हजार म्हणतात. ५२ गावं जुन्या जागेवरून उचलून नव्यानं वसवली. आमचा हा सगळा भाग तेव्हा भूकंपाच्या सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ ला नकाशा सुधारला तेव्हा तो तिसऱ्या झोनमध्ये गेला. त्या वर्षानंतर आमच्याकडं एक गोष्ट पक्की झाली: मातीचं घर म्हणजे मरण. मीही वीसेक वर्षं तसंच मानत होतो.

पण पडलेलं होतं काय, ते आठवून बघा. आमची जुनी घरं नुसत्या मातीची नव्हतीच. भिंत दगडाची, दोन ते तीन फूट जाड. बाहेरून एक थर दगड, आतून एक थर दगड, मधे गोटे आणि माती कोंबलेली. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पोचणारा लांब दगड गवंड्यानं क्वचितच घातलेला, कारण तो घडवायला वेळ लागतो आणि वेळेला पैसा. दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींत गुंतवलेल्या नाहीत, नुसत्या टेकवलेल्या. पावसाचं पाणी मधल्या मातीत उतरत गेलं की भिंतीला पोट सुटायचं. घरोघरी अशी एकेक पोट सुटलेली भिंत असायची आणि तिला टेकूनच धान्याची पोती रचलेली असायची.

आणि डोक्यावर माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर दांड्या, त्यांवर किलच्या, म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, आणि चिपाडं, आणि वर पांढरीची, म्हणजे गावठाणातली पांढुरकी माती. दर साल मिरगाच्या आधी गळतं म्हणून बायका चार टोपल्या पांढरी वर टाकायच्या, ती धुमसायच्या. जुनी माती कुणी काढत नसे. आज्याच्या काळात वीतभर असलेली माती नातवाच्या काळात दीड फुटावर गेलेली. परवा मी कागदावर हिशेब मांडला. दहा बाय बाराची खोली, दीड फूट माती, म्हणजे १८० घनफूट. घनफुटाला धरा पंचेचाळीस किलो. आठ टन झाले. आमची रिकामी लालपरी उचलून एका खोलीवर ठेवली तर जवळजवळ एवढंच वजन होईल. तिच्याखाली आम्ही पिढ्यान् पिढ्या जेवत होतो, बाळंत होत होतो.

आता दुसरी गोष्ट, जी मला नीट दिसायला फार वर्षं लागली. आमच्या गल्लीत तीन वाड्यांच्या भिंती बाहेर ढासळल्या, पण आतले खण, म्हणजे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, डोक्यावरच्या मातीसकट जागच्या जागी उभे राहिले. सुतारानं सांधे नीट केलेले होते. एका वाड्यात तर भिंती गेलेल्या आणि मधे खणाखाली पाळणा तसाच टांगलेला. जिथं लाकूड आखूड म्हणून तुळई थेट दगडाच्या भिंतीवर टेकवली होती, तिथं भिंतीबरोबर सगळं खाली आलं. आमच्या चुलतीचं स्वैपाकघर तसलंच होतं, नंतर काढलेलं, पडवीला जोडलेलं.

भूकंपानंतर काही पोरं शहरातून यायची, उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतींना पहारीनं आरपार भोकं पाडायची, त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायची. भिंतीचे दोन थर एकमेकांना शिवून टाकायची तऱ्हा. खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरप्या दांड्या मारायची आणि माळवदावरची जादाची माती खाली ओढायला लावायची. म्हातारी माणसं हसायची, "भोकं पाडून घर पक्कं होतंय व्हय?" मीही हसलो होतो. चूक झाली. पुढं २००१ च्या भूकंपात कच्छच्या बन्नीतली मातीची गोल घरं, त्यांना तिकडं भुंगे म्हणतात, टिकली हे वाचनात आलं, तेव्हा ती पोरं आठवली.

बसच्या खिडकीतून गावं बदलताना बघायची ही आमच्या नोकरीची फुकट करमणूक. पहिली दहा वर्षं पत्रा आला. मग स्लॅब. आता उमरग्याहून औशाला निघा, रस्त्यालगत माळवद शोधावं लागतं. स्लॅबचं घर मीही २००५ ला गावात बांधलं. त्याला दोष देत नाही, दोन पोरांची लग्नं त्याच घरातून केली. पण एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसकडं सरकला की रात्री अकराला भिंतीला हात लावावा तर ती ताव दिलेल्या तव्यासारखी. पंखा गरम हवा फिरवतो. माय तर चार महिने लिंबाखाली बाजेवर. तिच्या तोंडात एकच, "माळवदात कसं गार वाटायचं." ज्या घरानं जाऊ मारली त्याच घराची ती आठवण काढायची. याचं मला नवल वाटायचं, थोडा रागही यायचा.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा पुतण्यानं विषय काढला. त्यानं सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, आणि पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलला जाऊन मातीच्या बांधकामाचं प्रशिक्षण घेऊन आलाय. त्यानं माझ्यापुढं भारतीय मानक १३८२७ ची झेरॉक्स ठेवली. मातीच्या घरांना भूकंपात टिकवायचं कसं, याचेच नियम त्यात. साल बघितलं: १९९३. आमचं गाव पडलं त्याच सालचं.

त्यातले काही नियम मी इथं देतो, कारण तुमच्या लेखात हेच नव्हतं. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीच्या वर जाऊ द्यायची नाही. दोन आडव्या भिंतींमधलं अंतर जाडीच्या दहापटीच्या आत, आणि उंचीच्या हिशेबानं कधी त्याहूनही कमी. खिडकी-दार चार फुटांहून रुंद नको, आणि घराच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून चार फुटांच्या आत कुठलंही भगदाड नको. चारही भिंतींना धरून ठेवणारा सलग पट्टा हवा.

आता बघा काय झालं. मला बारा बाय अठराची मोठी खोली पाहिजे होती. मुली-जावई आले की सगळे एका ठिकाणी झोपतील. भिंत पंधरा इंचांची ठरली, उंची साडेआठ फूट. पुतण्यानं आकडेमोड केली आणि म्हणाला, "काका, अकरा फुटांच्या वर खोली नाही." मी म्हटलं, भिंत जाड करू. तर माती वाढते, मजुरी वाढते, पाया वाढतो. दोन दिवस घासाघीस चालली, तिकिटाच्या सुट्ट्या पैशावरून चालते तशी. शेवटी अकरा बाय अकराच्या दोन खोल्या आणि पुढं सात फूट रुंद ओसरी, एकूण चारशे चौरस फुटांच्या आसपास. मोठ्या खोलीचं काम ओसरी करते. खिडक्या तीन फुटांच्या, भिंतीच्या मधोमध. मागच्या भिंतीत कोपऱ्याला चिकटून देवळी पाहिजे होती, तीही मधे सरकली. घराचा नकाशा माझ्या मनासारखा झाला नाही. भिंतीच्या मनासारखा झाला.

शेतातली माती काळी. ती पाण्यानं फुगते आणि उन्हानं फाटते, तिच्यावर घर उभं राहत नाही आणि तिच्यापासूनही होत नाही. पायाला चार फूट खाली गेलो तेव्हा मुरूम लागला. भिंतीला माती कुठली आणायची? आमचे वस्ताद, वय शहात्तर, आमच्या भागात भेंडे, म्हणजे मातीच्या कच्च्या विटा, थापायला येणारा आता बहुधा हाच एक गवंडी उरलाय, ते सरळ म्हणाले, "तुमच्या पडक्या वाड्याची पांढरी पडलीय की. मुरलेली माती हाय. तसली कुठं मिळायची नाही."

पडका वाडा म्हणजे तोच. तीस वर्षं त्या ढिगाऱ्यावर घाणेरीची झुडपं माजली होती, कुणी हात लावला नव्हता. मी गप्प बसलो. घरी येऊन मायला विचारलं, म्हणजे विचारताना माझी जीभ अडखळत होती. ती गहू निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "मातीनं काय केलंय, बाबा? अंगावर दगडं होती तिच्या. मी बघितलंय, तू नव्हतास." आणि थोड्या वेळानं, "दगडं जोत्याला घाल. वर नेऊ नको."

तसंच केलं. दगड सगळे जोत्यात गेले, दोन फूट उंच, यावेळी सिमेंटात, आणि दर दोन फुटांवर आरपार पोचणारा लांब दगड. तो घडवायला पाथरवट मिळेना, शेवटी अणदूरकडून एक जण आला. जोत्यावर चार इंची काँक्रीटचा पट्टा, आत सळया. ओल वर चढायची तीही तिथंच अडते. त्याच्यावर मातीचे भेंडे.

भेंड्यांचा पहिला घाणा पुरता वाया गेला, तो माझ्या शहाणपणामुळं. वस्तादांनी बाटलीत माती आणि पाणी घालून हलवून ठेवायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी खाली वाळू, मधे गाळ, वर चिकणमाती असे थर बसतात, त्यावरून कळतं काय कमी आहे. बाटलीत चिकण कमी दिसलं म्हणून मी शेतातली काळी टाकली, आणि सांगितल्यापेक्षा दुप्पट. घट्ट होईल म्हटलं. दोनशे भेंडे थापले. चौथ्या दिवशी बघतो तर प्रत्येकावर तळहाताच्या रेषांसारख्या भेगा, उचलला की दोन तुकडे. वस्ताद काही बोलले नाहीत. एक तुकडा घेतला, पाण्याच्या बादलीत टाकला आणि बिडी पेटवली. पुन्हा सगळं कालवलं, त्यात मुरमाची चाळलेली वाळू आणि गव्हाचा भुसा घातला, तीन दिवस भिजत ठेवलं. तीन दिवसांनी त्याला आंबूस वास येतो, कणकेला येतो तसा, आणि चिखल पायाला लोण्यासारखा लागतो. मग तुडवायचं. पंधरा बाय साडेसात बाय चार इंचांचा लाकडी साचा, दोघं मिळून दिवसाला दीडशे. पहिले दोन दिवस सावलीत आडवे, मग कडेवर उभे करून उन्हात. तीन हजार थापले, अडीच हजारांवर भिंतीत गेले. भेंडा वाळला की नाही ते वस्ताद मोडून बघायचे, आतल्या रंगात गडद ठिपका दिसला की, "अजून न्हाई."

खिडक्या-दारांच्या डोक्यावर सगळ्या भिंतींवरून फिरणारा लाकडी पट्टा आहे. वाड्याच्या सागवानी तुळया चिरून तीन इंचांच्या पट्ट्या काढल्या. दोन पट्ट्या समांतर, दर दीड-पावणेदोन फुटांवर आडवी पट्टी. शिडी भिंतीवर आडवी झोपवली असं दिसतं. कोपऱ्यात अर्धं-अर्धं लाकूड कापून एकमेकांत बसवलं. सुतार म्हणाला, हे आता मातीत गाडलं जाणार, कोण बघणार, एवढी सफाई कशाला. मायनं त्याला बसवून घेतलं आणि १९९३ सांगितलं. त्यानंतर त्यानं सांधे असे केले की खिळा न मारताही हलेनात. तशीच दुसरी शिडी भिंतीच्या माथ्यावर, आणि छपराच्या कैच्या तिला लोखंडी पट्टीनं जखडलेल्या.

वर मंगलोरी कौलं. आमच्याकडं कौलारू घर तसं परकं, पण एका गावची जुनी शाळा पाडत होते, तिथली बाराशे कौलं बारा रुपयांना एक अशी मिळाली. दहा बाय बाराच्या खोलीवर लाकूड धरूनही टनाच्या आत वजन. आठ टनांच्या जागी. मायच्या "वर काय टाकलंय?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कौलांखाली बांबूच्या तट्ट्या मारल्या, नाहीतर कौलं मेमध्ये तापतात. वळचण तीन फूट बाहेर काढली.

मी काही निसर्गाचा पुजारी नाही, हेही सांगून टाकतो. न्हाणीघर-संडास घरापासून सुटा, भाजक्या विटांचा आणि सिमेंटचा. रोज पाणी पडतं तिथं मातीचा हट्ट धरणारा मूर्ख. लाकडाची बुडं वाळवीसाठी जळक्या ऑइलमध्ये बुडवून घेतली, डेपोची जुनी सवय. तरी सगळ्या कामाला सिमेंट लागलं चोपन्न पोती. एवढ्याच मापाच्या स्लॅबच्या घराला दीडशेच्या वर लागली असती.

पाण्याचं मात्र लेखात यायलाच पाहिजे होतं. आमचा भाग म्हणजे जिथं २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. २०२३ ला पावसानं पुन्हा दगा दिला होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या शेतात एकाचं स्लॅबचं काम चाललं होतं. बिचारा टँकर विकत घेऊन तीन आठवडे भिंतींना, स्लॅबला पाणी मारत होता. प्यायला मात्र बोअरची मोटर थेंब-थेंब. माझ्या भिंतीला चिखल कालवायला लागलं तेवढंच पाणी. उलट तिला वाळू द्यायचं असतं. एरवी दुष्काळाला शिव्या घालणारा मी, त्या दोन महिन्यांत आभाळ कोरडं राहावं म्हणून देवाला हात जोडत होतो.

खर्च सगळा साडेतीन लाख. त्यातले दोन लाख दहा हजार मजुरीचे, म्हणजे वस्ताद, सुतार, आणि गावातल्या सहा बाया-बाप्यांच्या घरात गेले. स्लॅबचं कंत्राटदारानं साडेसहा सांगितलं होतं. तीनशे-चारशे चौरस फुटांत भागवणाऱ्याला हा फरक लहान नाही. परवाच्या मेमध्ये मुलीनं आणून दिलेला तापमापक घेऊन मी दुपारी तीनला फिरलो: अंगणात ४१, गावातल्या स्लॅबच्या घरात ३८, इथं आत ३३. माय लिंबाखालून उठून आत आली ती आतच आहे.

आता तक्रार. आमच्या भाच्याला घरकुल मंजूर झालं. मैदानी भागाला तेव्हा योजनेचे १ लाख २० हजार, आणि घर किमान २५ चौरस मीटर. तेवढ्यात स्लॅब होत नाही, माणूस कर्जात जातो, हे गावोगावी बघा. आम्ही म्हटलं, याच पद्धतीनं बांधू. तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो. साहेब चांगले होते, चहा दिला. म्हणाले, "अहो, ही योजना कच्च्या घरातून पक्क्या घरात नेण्यासाठी आहे. तुम्ही उलट्या गाडीत बसलात." मी विचारलं, पक्कं म्हणजे काय? म्हणाले, स्लॅब किंवा पक्की वीट. मी मानकाची झेरॉक्स पुढं केली. त्यांनी चार पानं उलटली, परत दिली आणि म्हणाले, हप्ता अडकला तर माझ्याकडं येऊ नका. भाच्यानं घाबरून विटांचं काम सुरू केलं. भिंतीत एकही आडवा पट्टा नाही. पैसेच उरले नाहीत त्याला. कागदावर ते घर पक्कं आणि माझं कच्चं.

घर टिकतं का, तेही सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस पडला तो सगळ्यांनी पाहिलाय. पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा खालून वीतभर सोलून निघाला, पागोळ्यांचे शिंतोडे उडून उडून. दोन घमेली चिखल, एक दुपार, काम संपलं. पागोळ्या पडतात तिथं आता खडी टाकलीय. पण त्याच पावसात ओढ्याकाठची, जोतं नसलेली जुनी मातीची घरं बसली, हेही खरं. पाणी भिंतीच्या बुडाशी दोन दिवस साचलं की माती कुणाचं ऐकत नाही. ज्यांची जागा सखल आहे त्यांनी माझं बघून बांधू नये.

राहता राहिलं सारवण. घर बांधायच्या आधी सौ.नं दोन अटी घातल्या होत्या. भुई मी सारवणार नाही, आणि भिंतीला पोतेरा तुम्ही द्यायचा. पहिल्या अटीपायी शहाबादी फरशी आली. ती काही लांबची नाही, सीमेपलीकडून येते. दुसरी अट मी पाळतो. दसऱ्याच्या आधी पांढरीचा पोतेरा बादलीत कालवून मी शिडीवर चढतो, आणि वाटेनं जाणारे माझेच जुने प्रवासी थांबून बघतात, "मास्तर, डबल बेल द्या की." सारवलेल्या भुईचं कौतुक करणारे लेख पुरुष लिहितात, असं सौ.चं मत. तुमचा लेख एका बाईंनी लिहिलाय हे मी सांगितलं, तर म्हणाली, "त्यांच्याकडं सारवायला कोण येतं, ते लिहिलंय का?" सेवाग्रामला बापूकुटी बघायला गेलो होतो तेव्हाही ती भिंतीला बोट लावून म्हणाली होती, हाताखालची माणसं आहेत म्हणून उभीय. सांगायचं एवढंच की मातीच्या घराच्या हिशेबात हा हात कुणाचा, ते आधी ठरवा.

आणखी एक कबूल करतो. कागद, पट्टे, कौलांचं वजन, सगळा हिशेब मला पटलेला आहे. तरी २९ सप्टेंबरच्या रात्री मी आत झोपत नाही. ओसरीत बाज टाकतो. माय मात्र आत निवांत झोपते.

तर संपादकसाहेब, मातीच्या घराचा पुढचा लेख छापाल तेव्हा लेखिकेला तीन गोष्टी विचारा: भिंत किती जाड आणि किती उंच, कोपऱ्यात भिंती कशानं बांधल्यात, आणि वर किती वजन आहे. एखादा फोटो लहान करावा लागला तरी चालेल. मांजराचा करा. आणि घरकुलाचं काम बघणाऱ्या इंजिनिअरांपर्यंत तुमचा पेपर जातो. त्यांच्यासाठी १३८२७ मधले दहा-बारा नियम एका चौकटीत मराठीतून छापता आले तर बघा, पुतण्या करून द्यायला तयार आहे.

बाराशेतली दीडशे कौलं उरलीत. वळचणीला रचून ठेवलीत, कुणाला लागली तर विकत नाही, तशीच देईन. टेम्पो ज्याचा त्यानं आणावा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
ता. उमरगा, जि. धाराशिव